मामांची गार बाटली

शिरूर, १६ एप्रिल २०२४

रोहिदासराव,

नमस्कार. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायला आज हात उचलत नाही, तेव्हा नुसताच घ्या.

आपण दोघे साडू फोनवर बोललो की आवाज चढतात, आणि मग आपल्या बायका सख्ख्या बहिणी असूनही आठ-आठ दिवस एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून समृद्धीनं आणि तुमच्या करिश्मानं मिळून आपल्याला फोनबंदी केली आहे. "भांडायचंच असेल तर कागदावर भांडा, लिहिताना तरी माणूस विचार करतो," असं समृद्धीचं म्हणणं. मी विचार करूनच लिहितोय. हे पत्र भारतच्या टेम्पोनं येईल. मामांची फुलं घेऊन तो एक दिवस शिरूरला असतो, एक दिवस यवतला. उत्तर त्याच्याकडेच द्या.

विषय मामांचाच आहे. पाडव्याचा झेंडू विकून झाला की आपले सासरे माझ्या कारेगावच्या दवाखान्यात येतात, दारालगतच्या खाटेवर आडवे होतात आणि उन्हाळ्याची सलाईन लावून घेतात. कुठल्याही पुस्तकात तिची गरज सांगितलेली नाही. पण मामा म्हणतात, "अंगातली उष्णता निघती," आणि मी बाटली लावतो. हा रिवाज कसा पडला ते तुम्हाला ठाऊक नसेल, तेव्हा तुम्ही या घरात आला नव्हता. मी नवा बोर्ड लावून बसलो होतो आणि दवाखान्यात कुत्रं फिरकत नव्हतं. एके दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून आले. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, "मला काय व्हतंय? तुमी लावा बाटली. रस्त्यावरनं दिसंल अशी लावा." धडधाकट माणूस दिवसभर त्या खाटेवर पडून राहिला. येणाराजाणारा बघून गेला की न्हावऱ्याकडचे सोपानराव फुलवाले इथं उपचार घेतात. दुसऱ्या दिवसापासून माझा दवाखाना चालायला लागला.

यंदा पाडवा झाला, मी खाटेवरची चादर बदलून ठेवली, आणि मामा आले नाहीत. काम असेल म्हटलं. मग मामींचा समृद्धीला फोन आला आणि स्पीकर चालू होता. मामा यवतला जाऊन आले म्हणे! शिरूर हाकेच्या अंतरावर टाकून, एसटी बदलून, तुमच्याकडे! का, तर "धाकलं जावई फ्रीजमधली गार बाटली लावत्यात. पार खांद्यापतूर गारवा चढतो." मामी कौतुकानं सांगत होत्या. माझा घास घशाखाली उतरेना.

मी जळतोय असं तुम्ही म्हणाल. जळतोयच, नाही कशाला म्हणू? पण डॉक्टर म्हणूनही दोन गोष्टी ऐका. मी दवाखाना थाटायच्या आधी पुण्यात अतिदक्षता विभागात चार वर्षं काढली आहेत. माणसाचं रक्त सदतीस अंशांचं, तुमच्या फ्रीजमधलं पाणी चार-पाच अंशांचं. ते वेगानं शिरेत सोडलं तर गरम व्हायला वेळच मिळत नाही, तसंच गार हृदयाशी जाऊन पोचतं. रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर चढतं, हुडहुडी भरते. हुडहुडी भरली की स्नायूंना कितीतरी जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तो पुरवायला हृदयाला धावावं लागतं. तरुण हृदय धावतं. सत्तरी ओलांडलेलं, प्रेशरच्या गोळीवर चालणारं हृदय धावता धावता ताल चुकतं. पुण्यात आम्ही भराभर रक्त किंवा सलाईन द्यायची वेळ आली की आधी मशीनमधून कोमट करून घ्यायचो. ती हौस नव्हती.

मामांना उष्णता झाली असेल तर ताक पाजा. पुन्हा गार बाटली लावलीत, तर मी यवतला येऊन तुमच्या फ्रीजची वायर उपटीन.

तुमचा थोरला साडू,
गोकुळ


यवत, २० एप्रिल २०२४

गोकुळराव,

सप्रेम नमस्कार. माझा हात असल्या बाबतीत अडत नाही.

पत्र पोचलं. अर्धं वाचून हसू आलं, अर्धं वाचून कॉलेजातले सर आठवले. तुम्ही अतिदक्षता विभागात चार वर्षं काढलीत हे मला माहीत आहे. माझ्या साखरपुड्यात सांगितलं होतंत, लग्नात सांगितलं होतंत, आणि पोराच्या जावळाला तर वाढपी थांबून ऐकत होते.

आता माझं ऐका. तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'वेगानं सोडलं तर'. वेगानं सोडतोय कोण? मी थेंब थेंब सोडतो. बाटली फ्रीजमधली असली तरी एवढ्या लांब नळीतून रांगत येईस्तोवर पाणी खोलीइतकं होतं, आणि यवतची खोली एप्रिलात म्हणजे भट्टीच. पेशंटच्या हाताला जरासा गारवा लागतो, तेवढ्यावर तो खूश. उलट तुमच्या कपाटातल्या बाटलीला मे महिन्यात कधी हात लावून बघा. चहा पावडर टाकली तर उतरेल त्यात.

मामांना मी बोलावलं नव्हतं. आले, आडवे झाले, आणि सुई लागल्यावर थोड्या वेळानं डोळे मिटून म्हणाले, "आता कसं बरं वाटतंय." गोकुळराव, या घरात जावई होऊन मला इतकी वर्षं झाली, मामांनी माझ्या हाताला पहिल्यांदा बरं म्हटलं. एरवी माझ्या ओट्यावर बसून ते काय बोलतात माहीत आहे? "थोरलं असं करत्यात, थोरलं तसं म्हंत्यात." मी मान डोलावतो. तुम्हाला एका उन्हाळ्यात घास उतरेना, मी कितीतरी पंगती तशाच जेवलोय.

तेव्हा यवतची बाटली गारच राहणार. वायर उपटायला जरूर या, चहा घेऊन जा. आमच्याकडे तो गॅसवर करतात.

धाकटा,
रोहिदास


शिरूर, २ मे २०२४

रोहिदासराव,

सप्रेम नमस्कार. बघा, आज हात कसा सरसर चालतोय.

सोमवारी मामा आले! दवाखाना उघडून मी उदबत्ती लावत होतो, तर दारात काठी वाजली. नेहमीची खाट, नेहमीची उशी. मी काही विचारलं नाही. स्वतःच म्हणाले, "जावईबापू, बाटली लावावी तर तुमीच. यवतला आता काय राम न्हाई." हे वाक्य मी समृद्धीला घरी जाऊन दोनदा सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता "बरं" म्हटलं, पण तुम्हाला तरी त्याचं मोल कळेल म्हणून लिहितोय.

काय झालं तुमच्याकडे? गारवा कमी पडला की गोडवा? असो. उकरून काढायचा माझा स्वभाव नाही.

बाटली लावल्यावर मामा थोडे अस्वस्थ होते. नळीला हात लावून बघत होते. जाताना म्हणाले, "दुसऱ्या बाटलीला पुढच्या आठवड्यात येतो. जरा गार न्हाई का व्हनार?" मी हसून विषय बदलला.

दवाखान्यात एक छोटा फ्रीज घेतलाय. इंजेक्शनं ठेवायला लागतोच हो. आणि नुसती एक शंका म्हणून विचारतो, शास्त्रीय कुतूहल समजा: तुम्ही बाटली फ्रीजमध्ये साधारण किती वेळ ठेवता?

तुमचा,
गोकुळ


यवत, ५ मे २०२४

गोकुळराव,

नमस्कार.

मामा तुमच्याकडे आले, आनंद आहे. त्यांना कुठं बरं वाटतं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. गोडवा-बिडवा तुमच्याकडेच असू द्या.

तुमच्या शास्त्रीय कुतूहलाचं उत्तर: रात्रभर ठेवतो. बर्फाच्या खणाच्या अगदी खाली. बाटलीला घाम फुटला पाहिजे, तरच ती यवतची बाटली. तुम्हाला जमायची नाही.

करिश्मा समृद्धीताईंना आंब्याची पेटी पाठवतेय. त्यात माझा काही हात नाही.

रोहिदास


शिरूर, १४ मे २०२४

रोहिदासराव,

मामा जगले आहेत. हे पहिल्या ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचू शकाल. करिश्मा पुण्याच्या दवाखान्यात येऊन गेली, पण ती रडत होती आणि तिला मी अर्धंच सांगू शकलो. तुम्ही आलात तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत उभा होतो, आणि तुम्हाला बघून मी रांग सोडून पार्किंगमध्ये गेलो. तेही लिहून टाकतो.

तुमचं पत्र आलं आणि मी एक बाटली फ्रीजमध्ये ठेवली. बर्फाच्या खणाच्या खाली, रात्रभर. जे करू नका म्हणून तुम्हाला दोन पानं भरून लिहिलं, तेच मी केलं. मनाची समजूत काय घातली सांगू? 'आपण थेंब थेंब सोडू. रोहिदास नाही का सोडत? त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, माझ्या हातून काय बिघडणार?' मामा परत यवतला जाता कामा नयेत, एवढंच डोक्यात होतं.

मामा सकाळीच आले. बाटलीवरचा घाम बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मला लाजच वाटायला हवी होती. पण मला आनंद झाला. सुई लावली, नळीवरचं चाक फिरवून थेंब मोजूनमापून बारीक ठेवले. तेवढ्यात शेजारच्या कंपनीतून दोघं-तिघं एका पोराला घेऊन आले, मशीनमध्ये बोट आलेलं. "डॉक्टर साब, जल्दी!" म्हणून ओरडत होते. मी त्याला घेऊन आतल्या खोलीत गेलो. टाके घालत होतो, तोवर मामांकडे बघायला कोणी नव्हतं.

मामांना गारवा लागेना. तुम्ही लिहिलं होतं ते बरोबरच होतं, बारीक थेंब नळीतच तापतात. मामांनी जन्मभर ठिबक चालवलंय, चाक कुठल्या बाजूला फिरवलं की पाणी वाढतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी हात वर करून चाक पूर्ण उघडलं. स्टँडवरची ती पिशवीसारखी मऊ बाटली उशाशी ओढून घेतली आणि तिच्यावर कोपर टेकला. नंतर मला म्हणाले, "ठिबकनं भिजंना, म्हनून पाट सोडला."



मी बाहेर आलो तेव्हा बाटली चपटी झाली होती आणि खाट वाजत होती. मामांचे दात एकमेकांवर आपटत होते. ओठ काळेनिळे. बाहेर जमीन तापलेली आणि हा माणूस पौषातल्यासारखा कुडकुडत होता. नाडी धरली. एक ठोका, मग दोन घाईचे, मग काहीच नाही, मग पुन्हा धावपळ. रोहिदासराव, असली नाडी मी पुण्यात कितीतरी पेशंटांची धरली आहे. घरच्या माणसाची पहिल्यांदाच.

चाक बंद केलं. अंगावर चादरी टाकल्या, पण मे महिन्यात दवाखान्यात चादरी असतात किती? कंपनीच्या पोरांनी अंगातले शर्ट काढून दिले. मग मला तुमचा टोमणा आठवला. कपाटात हात घातला, बाटल्या खरोखरच चहाइतक्या कोमट होत्या. सगळ्या काढल्या, फडक्यात गुंडाळून मामांच्या काखेत, कुशीत, मांड्यांशी लावल्या. ईसीजी काढला. कागदावर सगळा गोंधळ होता, दोन ठोक्यांत सारखं अंतर कुठंच नव्हतं. अँब्युलन्स बोलावली. कोरेगाव भीमाच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा मामांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "जावईबापू, माझंच काय चुकलं का?"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, सलाईन किती गेली आणि कशी होती. मी सांगितलं, फ्रीजमधली. त्या बाईनं ते केसपेपरवर तसंच लिहून घेतलं. तिनं माझं शिक्षण विचारलं नाही, तेवढे उपकार. संध्याकाळपर्यंत औषधानं आणि उबेनं हृदयाचा ताल जागेवर आला. दोन दिवसांनी सोडलं.

आता तुम्हाला एकच विचारतो. तुम्ही रात्रभर ठेवलेल्या बाटल्या लावता, तर तुमच्याकडे कुणाला काहीच कसं झालं नाही? तुमचं नशीब माझ्यापेक्षा चांगलं का?

गोकुळ


यवत, १७ मे २०२४

गोकुळराव,

नशीब नाही. मी गार बाटल्या लावतच नव्हतो.

तुमचं पहिलं पत्र यायच्या आदल्या दिवशी फुलं तोडायला जाणारी एक बाई माझ्याकडे आली होती. अशक्तपणा आला होता, गार बाटली पाहिजे म्हणाली. लावली. अर्ध्या तासात तिला हीव भरलं. दुपट्यात गुंडाळून बसवली, चहा पाजला, तासाभरानं बरी होऊन गेली. मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र हातात पडलं आणि हुडहुडीच्या ओळीवर माझं बोट थांबलं. त्याच दुपारी फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या काढून कपाटात ठेवल्या. आणि मग बसून तुम्हाला लिहिलं की यवतची बाटली गारच राहणार.

मामा दुसऱ्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मी साधी बाटली लावली. त्यांनी नळीला हात लावला आणि विचारलं, "फ्रीज बिघडला व्हय?" मी म्हटलं, आता गार लावत नाही. "का?" म्हणाले. इथं मला एवढंच म्हणायचं होतं की गोकुळरावांनी लिहिलंय, गार बाटली हृदयाला वाईट. एवढं एक वाक्य. पण ते ऐकून मामा काय म्हणाले असते ते मला आधीच ऐकू आलं, "बघा, थोरल्यांला किती कळतं!" माझ्या दवाखान्यात, माझ्या खाटेवर पडून. मी म्हटलं, "बंद केलंय, एवढंच." त्यांनी सुई काढायला लावली आणि उठून गेले. ते थेट तुमच्याकडे आले.

तुम्ही फ्रीज घेतल्याचं लिहिलंत, किती वेळ ठेवता ते विचारलंत, तेव्हा मला शंका आली होती. मग मनात म्हटलं, हा माणूस मला डिवचतोय. मामा परत मिळाल्याचा रुबाब करतोय. म्हणून लिहिलं रात्रभर.

तुम्ही चाकाचं आणि कोपराचं लिहिलंत. मला ते वाचवत नाही. मामांनी विचारलं ना, माझंच काय चुकलं का? त्यांना सांगा, नाही. किंवा मीच सांगेन. करिश्मा त्यांना थोडे दिवस इकडे आणायचं म्हणतेय.

तुम्ही पार्किंगमध्ये गेलात ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं. मला बरं वाटलं होतं, कारण मलाही तुमच्यासमोर यायचं नव्हतं.

रोहिदास


शिरूर, ९ जून २०२४

रोहिदासराव,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. पहिले काही दिवस मी तुमच्यावर चिडलो होतो, मग स्वतःवर. आता दोन्हीचा कंटाळा आलाय.

मामा तुमच्याकडे रमलेत असं भारत सांगतो. सकाळी तुमच्या ओट्यावर बसतात, पेपर वाचतात, येणाऱ्या पेशंटला "बसा, डॉक्टर येत्यातच" म्हणतात. भारत हे सहज सांगतो आणि मी सहज ऐकल्यासारखं करतो. इतकं सगळं होऊनही माझ्या पोटात अजून दुखतं, हे तुम्हाला सांगायला आता संकोच वाटत नाही.

कारेगावात सगळ्यांना कळलंय. 'स्वतःच्या सासऱ्याला फ्रीजची बाटली लावली' एवढंच लोक बोलतात, आणि ते खोटं नाही. दवाखान्यात मी माशा मारतो. ज्या पोराचं बोट शिवलं, तो टाके काढायलासुद्धा दुसरीकडे गेला. कंपनीत डॉक्टरची एक जागा आहे, कामगारांची तपासणी करायची, पगार ठरलेला. महिनाअखेरीस बोर्ड उतरवतोय. खाट विकायची म्हटलं, तर समृद्धी नको म्हणते. तिला काय सांगायचं?

मामांना माझ्याकडे यायचा आग्रह करू नका. त्यांना तिथं बरं वाटतंय, तर बरं वाटू द्या. प्रेशरची गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर. तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो.

गोकुळ


यवत, २४ जून २०२४

गोकुळराव,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी तुमच्या दवाखान्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण ते रस्त्याच्या पलीकडून कसं दिसलं ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून लिहितोय.

तुमचं पत्र मी मामांना वाचून दाखवलं. विचारून दाखवायला हवं होतं, पण दाखवलं. शनिवारी पहाटेच ते करिश्माला म्हणाले, "माझं धुतल्यालं धोतर काढ." मग मला, "गाडी काढा. कारेगावला जायचं." तुमचा चौक आला तसे म्हणाले, "हितंच थांबवा. तुमी उतरू नका. दोन दोन जावई दिसलं तर लोक म्हंत्याल घरचंच नाटक हाय." मी वडापावच्या गाडीमागं गाडी लावली. ते काठी टेकत रस्ता ओलांडून गेले आणि दारालगतच्या खाटेवर आडवे झाले.

तुम्ही आतून धावत बाहेर आलात. वाकून काहीतरी विचारलंत. काय होतंय, असंच असणार. मामांचं उत्तर मला रस्त्यापलीकडं ऐकू आलं, ते मुद्दामच मोठ्यानं बोलत होते, "मला काय व्हतंय? मी पडतो. तुमी तुमचं काम करा." तुम्ही स्टँड बाजूला घ्यायला लागलात, तर त्यांनी तुमचा हात धरला आणि रिकामा स्टँड उशाशी तसाच ठेवून घेतला.

मग तुम्ही आत जाऊन बसलात. तिथून पुढचं तुम्ही पाहिलं नाही. वडापाववाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "अरे, त्यांनाच इथं झालं होतं ना?" गिऱ्हाईक जाऊन बघून आलं. मग दुधवाला थांबला. मग कंपनीतून सुटलेली पोरं. एकानं तर सरळ विचारलं, "आबा, याच डॉक्टरनं तुम्हाला आजारी पाडलं ना?" मामा उठून बसले. म्हणाले, "व्हय, ह्यांनीच गार लावली, आन् मीच चाक सोडलं. आन् माघारी कुणी आनलं? ह्यांनीच. काखंत गरम बाटल्या लावून. मेलो असतो तर तुला सांगाया आलो असतो का? आन् गार बाटली मागू नगंस कुनाकडं. लावलीच तर चाकाला हात लावू नगंस." असं ते दुपारपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. दुपारी एक म्हातारी पोराला घेऊन तुमच्या पायरीवर चढली, तेव्हा मी घड्याळात बघितलं आणि कळलं की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. वडापावची गाडी हाताशी असून.

गोकुळराव, गाडीत बसून मी जळत होतो. तुम्हाला नवल वाटेल. चूक मी वेळेवर सुधारली होती, माझ्याकडे कुणाच्या जिवावर बेतलं नाही, मामा माझ्या घरी खाऊनपिऊन आनंदात होते, आणि तरी जळत होतो. माझ्याकडे ते बाटलीसाठी आले होते. गारवा मिळेना, तसे उठून गेले. तुमच्याकडे बाटली नसतानाही दिवसभर पडून राहिले.

बोर्ड उतरवू नका, हे मी म्हणायची गरज नाही. मामा परत गाडीत बसल्यावर झोपले, आणि झोपायच्या आधी मला म्हणाले, "खाट मजबूत हाय थोरल्यांची." मी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

एक मागतो, आणि यात टोमणा नाही. पुढच्या पाडव्याला ते तुमच्याकडे येतील, तेव्हा त्यांना सांगा की एक दिवस रोहिदासच्या खाटेवरही पडून या. बाटली लावणार नाही, शब्द देतो. नुसतं रस्त्यावरून दिसलं तरी पुरे.

तुमचा,
रोहिदास